शाहिरी गाण्यांची जुनी रेकॉर्ड: कशी ओळखायची, कशी जपायची आणि फोनमध्ये कशी आणायची?

गाणं म्हटलं की आपण थेट सर्च बॉक्समध्ये टाइप करतो आणि दोन सेकंदांत ते वाजायला लागतं. पण शाहिरी, जलसा, भीमगीत, आंदोलनाची गाणी शोधायला गेलात तर एक गोष्ट लक्षात येते. बरीच जुनी गाणी सापडतच नाहीत. काही सापडतात, पण गायकाचं नाव चुकीचं असतं. काही मूळ आवाजातली नसतात, नंतर दुसऱ्या कोणी गायलेली असतात. त्यातली काही गाणी आजही कुणाच्या तरी घरी, माळ्यावर, काळ्या गोल तबकडीत पडून आहेत आणि घर आवरताना ती सरळ भंगारात जातात.

आजच्या लेखात आपण पाहणार आहोत: रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय, तिचे प्रकार किती, विरोधाची गाणी तिच्यावर कशी आली, एखादी प्रत दुर्मिळ का ठरते, आणि तुमच्या हाती अशी रेकॉर्ड लागली तर तिचं काय करायचं.

रेकॉर्ड म्हणजे काय?

रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एकच लांबलचक गोल खाच असते. गाण्याचा आवाज म्हणजे हवेतली थरथर. तीच थरथर त्या खाचेच्या भिंतींवर वेड्यावाकड्या नागमोडी आकारात कोरलेली असते. सुई त्यावरून फिरते, थरथरते, आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज होतो. इथे फाइल नाही, डेटा नाही. आवाजाचा आकारच वस्तूवर उमटलेला असतो.

ती तयार कशी होते? आधी एका मऊ तबकडीवर मशीनने खाच कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात. या साच्याला स्टॅम्पर म्हणतात. मग गरम मालाचा गोळा दोन स्टॅम्परच्या मध्ये दाबला की रेकॉर्ड तयार. एक स्टॅम्पर किती वेळा दाबायचा याला मर्यादा असते, तो झिजतो. म्हणून सुरुवातीला दाबलेल्या प्रती आणि नंतरच्या प्रती यांत फरक पडू शकतो. 'पहिलं प्रेसिंग' हा शब्द संग्राहकांच्या तोंडी असतो तो यामुळेच.

रेकॉर्डचे तीन मुख्य प्रकार

१. ७८ ची रेकॉर्ड: मिनिटाला ७८ फेरे. बहुतेक १० इंची. एका बाजूला साधारण ३ मिनिटं. ही विनाइलची नसते, लाखेच्या मिश्रणापासून बनलेली असते. तीच लाख, जी पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे तयार करतात. जाड, जड आणि ठिसूळ. हातातून पडली की काचेसारखी फुटते.

२. ईपी: मिनिटाला ४५ फेरे, ७ इंची, विनाइलची. एका बाजूला साधारण दोन गाणी. हा प्रकार अमेरिकेत १९४९ नंतर रुळला, मग आपल्याकडे आला.

३. एलपी: मिनिटाला ३३⅓ फेरे, १२ इंची, विनाइलची. एका बाजूला साधारण २० मिनिटं. पहिल्या एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत निघाल्या. आज आपण 'अल्बम' म्हणतो ती कल्पना हिच्यामुळेच पक्की झाली.

भारतात लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डी १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे ७८ दिसली की ती शंभर वर्षं जुनी असेल असं समजू नका.

विरोधाची गाणी तबकडीवर कशी आली?

वर्धा जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच दिवसांत चिमूरही पेटलं होतं. या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गावागावांत गाजत होती. इंग्रज सरकारला ती इतकी झोंबली की १९४२ मध्ये महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. लक्षात घ्या, त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं. खंजिरी होती.

पण असली गाणी पसरायची ती तोंडातोंडी, भजनी मंडळांतून आणि छोट्या छापील वह्यांतून. सत्यशोधक जलसे, नंतरचे आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक, सगळ्यांची ताकद समोरासमोरच्या कार्यक्रमात होती. रात्रभर गाणं, मध्ये संवाद, लोकांचे प्रतिसाद. हे सगळं ३ मिनिटांच्या तबकडीत कसं बसणार? पोवाडा तासभर चालतो. तो कापून दोन बाजूंत बसवायचा म्हणजे शाहिराला कडवी गाळावी लागणार. म्हणूनच रेकॉर्डवरचं गाणं आणि मैदानावरचं गाणं एकच असेल असं धरून चालू नका.

दुसरी अडचण कंपनीची. रेकॉर्ड काढायला स्टुडिओ लागतो, कारखाना लागतो, विक्रेत्यांचं जाळं लागतं. भारतात या धंद्यावर बराच काळ ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे भोंग्यासमोर कुत्रा बसलेल्या एचएमव्हीचा, दबदबा होता. तिचा मोठा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला होता. तीच कंपनी आज सारेगामा या नावाने आपल्या फोनमध्ये आहे. १९३० च्या दशकात मुंबईत 'यंग इंडिया' नावाचं देशी लेबल सुरू झालं. मोठ्या कंपनीत जागा न मिळालेल्या अनेक कलाकारांना तिथे संधी मिळाली. काय छापायचं आणि काय नाही, हे शेवटी कंपनी ठरवायची. विकलं जाईल का आणि सरकार आडवं येईल का, हे दोन प्रश्न तिच्यासमोर कायम असत.

तरीही बरंच काही तबकडीवर आलं. शाहीर साबळे एचएमव्हीसाठी गायले. विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांचे आवाज तबकडीवरून घराघरांत गेले. वामनदादा कर्डक यांचे शब्द अनेक गायकांच्या गळ्यातून पोहोचले. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गाणं घ्या. शब्द नागपूरच्या राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १ मे १९६० ला राज्य झालं, त्या काळातलं हे गाणं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत आहे आणि राज्यगीत म्हणून त्यातली दोनच कडवी, १ मिनिट ४१ सेकंदांत गातात. म्हणजे सरकारी कार्यक्रमात आपण ऐकतो ते गाणं मूळ गाण्यापेक्षा छोटं आहे. आणि एक गोष्ट विदर्भातल्या वाचकाने विसरू नये. त्याच काळात आपल्याकडे वेगळ्या राज्याची मागणी करणारेही होते. कोणतं गाणं तबकडीवर टिकलं यावरून तेवढंच गायलं जात होतं असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग कॅसेट आली आणि सगळं बदललं. १९८० च्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की छोटा गायकसुद्धा स्वतःची काढू शकत होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांचे स्टॉल लागायचे. आधी कॅसेट, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. विठ्ठल उमप यांनी तर शेवटचा श्वासही २०१० मध्ये दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच घेतला.

एखादी प्रत दुर्मिळ का ठरते? जगातलं एक गाजलेलं उदाहरण

बॉब डिलनचा 'द फ्रीव्हीलिन बॉब डिलन' हा अमेरिकन निषेधगीतांचा गाजलेला अल्बम. २७ मे १९६३ ला तो बाजारात आला. त्याच्या दोन आठवडे आधी, १२ मे ला, डिलन एड सुलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये गाणार होता. त्याने निवडलेलं गाणं जॉन बर्च सोसायटी या कम्युनिस्टविरोधी संघटनेची टिंगल करणारं होतं. चॅनेलने ते गायला नकार दिला, डिलन शो सोडून निघून गेला. त्यानंतर अल्बममधून ते आणि आणखी तीन गाणी काढली गेली, त्यांच्या जागी नवी चार घातली गेली.

पण कारखान्यात काही प्रती जुन्या स्टॅम्परवरच दाबल्या गेल्या. गंमत म्हणजे त्यांतल्या काहींच्या लेबलवर नव्या गाण्यांची नावं आहेत, आणि सुई ठेवली की वाजतात जुनी! ही प्रत आज जगातल्या सर्वांत महाग रेकॉर्डींमध्ये गणली जाते. ती ओळखायची कशी? लेबल वाचून नाही. लेबलाच्या कडेला, जिथे खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यात एक नंबर कोरलेला असतो. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. दुर्मिळ प्रतीवर तो '१ए' ने संपतो.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, लेबल वेगळा छापलेला कागद आहे, तो चुकू शकतो. कोरलेला नंबर साच्यासोबतच येतो. दुसरी जास्त महत्त्वाची: जे गाणं काढून टाकलं, त्याचा पुरावा त्या चुकून सुटलेल्या तबकड्यांवर राहिला. आज स्ट्रीमिंग ॲपवरून एखादं गाणं काढलं तर ते एकाच क्षणी सगळ्यांच्या फोनमधून नाहीसं होतं. विकली गेलेली तबकडी अशी कुणाला परत मागता येत नाही.

हाती लागलेली रेकॉर्ड कशी ओळखायची?

खालच्या गोष्टी क्रमाने तपासा आणि प्रत्येकीचा फोटो काढा.

- लेबल: कंपनीचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, भाषा. गायकाचं नाव इथून घ्या, यूट्यूबच्या टायटलवरून नाही.
- कॅटलॉग नंबर: लेबलवरची अक्षरं आणि अंक. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ.
- मॅट्रिक्स नंबर: खोलीतला दिवा बंद करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने तिरका धरा. समोरून फ्लॅश मारला तर फक्त चकाकी येईल, अंक दिसणार नाहीत.
- स्पीड: लेबलवर ७८, ४५ किंवा ३३⅓ लिहिलेलं असतं.
- कव्हर: मागचा मजकूर नीट वाचा. वादकांची नावं बऱ्याचदा फक्त तिथेच सापडतात.
- हाताने लिहिलेलं काही: दुकानाचा शिक्का, भेट देणाऱ्याचं नाव, तारीख. हे पुसू नका. तबकडी कुठून कुठे फिरली ते यावरूनच कळतं.

संग्राहक तबकडीची अवस्था ठरलेल्या शब्दांत सांगतात. 'मिंट' म्हणजे जणू न वाजवलेली, 'व्हेरी गुड' म्हणजे ओरखडे आहेत पण गाणं नीट ऐकू येतं, 'पुअर' म्हणजे भेगाळलेली किंवा वाकलेली. ऑनलाइन विकत घेणार असाल तर कव्हरचा आणि तबकडीचा दर्जा वेगवेगळा विचारा. आणि हे ध्यानात ठेवा: जुनं म्हणजे महाग असं समीकरण नसतं. लाखो खपलेली सिनेमाची रेकॉर्ड जुनी असून स्वस्त असू शकते, आणि थोड्याच प्रती निघालेली शाहिराची ईपी तिच्याहून नवी असूनही मिळणार नाही.

कशी जपायची?

वर्ध्याचा उन्हाळा हा रेकॉर्डचा पहिला शत्रू. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत त्याहून बराच वर. विनाइल अशा उष्णतेत वाकतं, आणि वाकलेली तबकडी घरी सरळ करायला गेलं की बहुतेक वेळा खाच बिघडते.

- पुस्तकांसारखी उभी ठेवा. एकावर एक आडवी थप्पी लावू नका, खालच्या तबकड्या वजनाने खराब होतात.
- पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरते. भिंतीला टेकवू नका, हवा खेळती ठेवा.
- कडेने आणि मधल्या लेबलवर धरा, खाचांवर बोटं नकोत.
- लाखेच्या ७८ वर स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, म्हणजे गाणंच पुसलं जातं. किंचित ओलं मऊ कापड फिरवा आणि लगेच कोरडं करा.
- विनाइलला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब पुरतो. लेबल भिजू देऊ नका.
- चावीच्या ग्रामोफोनवर विनाइलची रेकॉर्ड कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई आणि जड मान खाच कापून काढते.

फोनमध्ये कशी आणायची?

स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड केलं तर पंख्याचा आवाज, खोलीचा घुमारा आणि गल्लीतला हॉर्न, सगळं गाण्यात मिसळतं. त्यापेक्षा हे करा.

पायरी १: योग्य टर्नटेबल. यूएसबी आउटपुट असलेलं टर्नटेबल असेल तर काम सोपं. नसेल तर टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प आणि ऑडिओ इंटरफेस अशी साखळी लागते. ती लॅपटॉपला किंवा ओटीजी केबलने फोनला जोडता येते.

पायरी २: योग्य सुई. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. एलपीची बारीक सुई ७८ वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसता खरखराट येतो.

पायरी ३: सेटिंग. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, डब्ल्यूएव्ही फॉरमॅट. मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे २० मिनिटांची बाजू सुमारे ३४५ एमबी. जागा वाचवायची तर फ्लॅक वापरा, त्यात आवाजाचं काहीच नुकसान होत नाही. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीसाठी ठेवा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, वर थोडी जागा सोडा.

पायरी ४: ७८ चा स्पीड नसेल तर? ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पीड १.७३३ पट करा. ३३⅓ वर वाजवली असेल तर २.३४ पट. दर्जा थोडा कमी येईल, पण गाणं वाचेल.

पायरी ५: मूळ फाइलला हात लावू नका. खरखर काढायची असेल तर कॉपीवर काढा. नॉइज रिडक्शन जास्त झालं की डफाची थाप आणि तुणतुण्याची झणझण खरखरीसोबत निघून जाते.

पायरी ६: नाव नीट द्या. गायक, गीतकार, कंपनी, कॅटलॉग नंबर, बाजू. 'ऑडिओ००१' असं नाव असलेली फाइल दोन वर्षांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही. एक प्रत फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवा.

यूट्यूबवर टाकता येईल का?

इथे दोन हक्क वेगवेगळे असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ मध्ये निघालेल्या रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. पण शब्दांचा हक्क वेगळा. तो कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ च्या अखेरपर्यंत. चालीचाही असाच हिशोब. घरात ऐकण्यासाठी कॉपी ठेवणं आणि ती सगळ्या जगासाठी अपलोड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपलोड करण्याआधी दोन्ही तारखा तपासा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेकॉर्डचा आवाज खरंच फोनपेक्षा चांगला असतो का?
तांत्रिकदृष्ट्या चांगली डिजिटल फाइल जास्त स्वच्छ असते. जुन्या शाहिरी रेकॉर्डची किंमत आवाजाच्या शुद्धतेत नाही. तो मूळ आवाज आहे, आणि कदाचित दुसरीकडे कुठेच नाही.

फुटलेली ७८ फेकून द्यावी का?
नको. तुकडे जपून ठेवा, लेबलाचा फोटो काढा. असं गाणं निघालं होतं, याची नोंदसुद्धा मोलाची आहे.

माहिती कुणाला विचारायची?
मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था काम करते आहे. कॅटलॉग नंबर आणि लेबलाचा फोटो सोबत असेल तर जाणकार माणूस बरंच सांगू शकतो.

थोडक्यात

आजच्या आज पाच फोटो काढा: दोन्ही बाजूंची लेबलं, मॅट्रिक्स नंबर, कव्हर पुढून आणि मागून. टर्नटेबल नंतर मिळेल, सुई नंतर मिळेल. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून विचारा, ही तबकडी कुठून आणली आणि हे गाणं तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं. ते उत्तर कोणत्याच लेबलवर छापलेलं नसतं.